पडल्यानंतरची शांतता

सिनेमात माणसं पडतात, त्यातली कितीतरी तिनेच पाडलेली. पडद्यावर नट कोसळला की स्टुडिओतल्या बंद खोलीत ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली वाळूची थैली माइकपुढे आपटायची. पावलं, दारं, मोडणारी हाडं (ती भाजीच्या कोवळ्या देठांची), सगळे आवाज तिचेच. स्टुडिओत तिला ‘पाडताई’ म्हणत आणि तीही ते नाव खुशाल मिरवत असे.

थैली एकच, पण सिनेमा कोणता यावर सगळं अवलंबून. विनोदी असेल तर थैलीमागोमाग एक ताटली सोडायची. ती गोल गोल फिरून थांबेपर्यंत लोक हसतात. मारामारीचा असेल तर थैली खऱ्या माणसापेक्षा जड हवी. आणि भीतीचा असेल तर?

“तर थैलीनंतर काहीच करायचं नाही,” ती नव्या दिग्दर्शकाला सांगायची. “लोक कान देतात. कुणी कण्हतंय का, उठतंय का. काही ऐकू येत नाही, तिथे पोटात गोळा येतो.”

“म्हणजे ताई, काही न करण्याचेही पैसे घेता तुम्ही.”

“घेते तर. गप्प बसणं काय सोपं असतं?”

घरी ती आणि आई, दोघीच. आईचे गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. हातातून चमचा निसटला तरी चमच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बाथरूमची कडी लावू नकोस, एवढंच लेकीचं मागणं होतं. “उघड्या दारात आंघोळ करायला मी काय तान्ही आहे?” असं म्हणून आई कडी लावायचीच.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बाथरूममधून आवाज आला. बारीकसा, ओलसर, साबणाची वडी निसटावी तसा.

“पाडलास ना साबण?” तिने हसून विचारलं आणि पुढचं पातेलं उचललं.

पातेलं पुसून झालं, फळीवर गेलं. मग तिच्या लक्षात आलं, आईने अजून साबणाला शिव्या दिलेल्या नाहीत.

हातातलं फडकं तसंच राहिलं. ही शांतता तिच्या ओळखीची होती.

“आई?”

नळाचं पाणी वाहत होतं.

“आई, बोल ना गं.”

कडी आतून लावलेली. तिने खांदा लावला, दार ढिम्म हललं नाही. कान मात्र अजून धप्पची वाट पाहत होते. पडली असती तर आवाज झाला असता, असं मन घोकत होतं. माणूस असाच पडतो, हे तिने इतकी वर्षं लोकांच्या गळी उतरवलं होतं, आणि तितकीच वर्षं स्वतःच्याही.

समोरच्या घरात सुतार राहायचे. ती अनवाणीच धावली. “काका, आई आत आहे,” एवढंच तिला बोलता आलं. काकांनी पटाशी घालून कडी उचकटली. दार उघडताना तिने डोळे मिटून घेतले.

“आहे गं, आहे,” काका म्हणाले.

आई भिंतीला टेकून पडली होती, एक पाय भलताच वळलेला. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. लेकीने चादर पांघरवून तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे शब्द आले.

“साबण म्हणे. मला ऐकू येत होतं सगळं. तुझं पातेलंसुद्धा.”

लेकीने हात लांबवून वाहता नळ बंद केला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आई घरी आली, वॉकर धरून चालू लागली. बाथरूमची उचकटलेली कडी पुन्हा बसवलीच नाही. आता आई आंघोळीला गेली की लेक दाराबाहेर स्टूल टाकून बसते.

“बोलत राहा.”

“काय बोलू, डोंबल?”

“काहीही. मला शिव्या दे.”

मग आई तिच्या केसांपासून स्वयंपाकापर्यंत एकेक गोष्ट काढते. मधेच डोक्यावर तांब्या ओतण्यापुरती थांबते. तेवढ्यात लेक उठून उभी राहिलेली असते, हात दारावर, श्वास रोखलेला.

“आणि भातही काल कच्चाच होता,” आतून आवाज येतो.

ती परत बसते. पुढच्या तांब्यापर्यंत.