ताठ दिसणारा पायलॉन

गंगाखेडच्या शाळेतल्या दाभाडे बाईंमुळे मी फोटोग्राफर झालो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. फॉर्मही बाईंनीच भरला होता. म्हणून दूर दक्षिणेत, अड्यारच्या पुलाच्या साइट ऑफिसात कन्सल्टंट साहेबांनी माझे फोटो टेबलावर आपटले, तेव्हा पहिला विचार आला, बाईंना काय सांगू?

पूल पादचारी आणि सायकलींसाठीचा. एका काठावर उंच खांब, म्हणजे पायलॉन. त्याच्या केबल पूल तोलून धरणार. माझं काम प्रोग्रेस फोटो. दर सोमवारी, त्याच जागेवरून, त्याच लेन्सने.

"सर्व्हेत पायलॉन आधी मागे झुकलेला आहे, केबल ओढत गेलो तसा पुढे येतोय," साहेब म्हणाले. "फोटोत पहिल्या दिवसापासून ताठ. खोटं कोण?"

सर्व्हे साइट इंजिनिअर सेल्वी मॅडमचा. "सार, रीडिंग तीनदा घेतलंय."

"हे मिटेपर्यंत पुढची केबल ओढायची नाही."

मला काही कळेना. खांब झुकलेला कसा असेल? मला वाटायचं, माझाच ट्रायपॉड वाकडा लागतो.

बाहेर येऊन मॅडमनी विचारलं, "तंबी," म्हणजे धाकट्या भावा, "फोटोंना काही केलंस?"

"नाही मॅडम. फक्त सरळ केले."

"काय सरळ केलंस?"

"पायलॉन. दर वेळी कलता यायचा. लग्नाच्या फोटोत मांडवाचा खांब कलला तरी लोक ओरडतात."

"अय्यो! अरे, तो आम्हीच मागे कलता बांधलाय. केबल ओढून ताठ होणार. आणि तुझ्या फोटोत मागच्या बिल्डिंगा बघ की! सगळ्या पडायला आल्यात!"

खरंच आल्या होत्या. खांबाकडे बघताना त्या कुणालाच दिसल्या नव्हत्या.

मूळ फाइल माझ्याकडे होत्या. त्या आत नेऊन दाखवल्या, कबूल केलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही, सार."

"तेच म्हणतोय."

दोन दिवसांनी केबल ओढली. मला काढलं नाही. साइटवर काही वाकडं दिसलं, तर आधी विचारावं, एवढं शिकलो.

त्या रविवारी पत्र लिहिलं:

'ती. बाईंना सा. न.

माझ्या फोटोंमुळे एका चांगल्या इंजिनिअर बाईंवर खोटेपणाचा आळ आला होता. दोन दिवस काम थांबलं. चूक माझी होती, तसं लिहून दिलं. मॅडम रागावल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला मीच सांगावं, म्हणून लिहिलं.

आपला,
संतोष'