पाणबुडीवरचा झाडू

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या स्टेशनवर मी झाडलोट करायचो, तेव्हा ते आजोबा रोज दुपारच्या गाडीला यायचे. महायुद्धात ते अमेरिकेच्या पाणबुडीवर होते. बायको इथली, म्हणून इथेच राहिले. नाव मी कधी विचारलं नाही. "किआ ओरा, कॅप्टन!" असा इथला माओरी नमस्कार तेच मला करायचे.

बस चालवायची परीक्षा पास झालो, ते पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. त्यांनी माझा झाडू घेतला आणि गळ्यातल्या मफलरने बाकाला उभा बांधला. मी घाबरलोच. आमच्याकडे झाडू उभा ठेवणं अशुभ!

"मोहीम फत्ते झाली की आम्ही पाणबुडीवर असाच बांधायचो. समुद्र झाडून काढला, म्हणून," ते म्हणाले. "आईला कळवलंस?"

"नोकरी पक्की होऊ दे, मग."

"अरे, परत येताना झाडू आम्ही बंदराबाहेरच चढवायचो. धक्क्यावर माणसं वाट बघत असायची. पाणबुडी धक्क्याला बांधेपर्यंत त्यांनी जीव मुठीत धरायचा?"

मी स्टेशनवरच्याच बूथमधून फोन लावला. कराडला सकाळ होती. आई माझ्याशी पुढे बोललीच नाही, रिसीव्हर टाकून दारात गेली आणि अख्ख्या गल्लीला ओरडून म्हणाली, "पोरगं पास झालं हो!"

मी दहावीआधीच शाळा सोडली होती. हे ओरडायचं तिचं राहूनच गेलं होतं.