दारू तोलणाऱ्या काकू

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात बातमी फुटली ती पद्मजावहिनींच्या तोंडून. "अहो, आपली उत्तरा दुकानात दारू तोलते म्हणे. बाटली नाही हं, सुटी." 'सुटी' म्हणताना आवाज अर्धा आणि डोळे दुप्पट.

खोटं नव्हतं. फक्त दारू बंदुकीची होती. सत्याऐंशी साली तेलाच्या कंपनीने जगन्नाथकाकांना घरी बसवलं आणि कोल्हापुरात सराफाच्या घरी वाढलेल्या उत्तराकाकू शिकारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरला उभ्या राहिल्या. घरच्या घरी काडतुसं भरणारी माणसं तिथे यायची. त्यांची दारू ग्रेनमध्ये मोजतात. दोन ग्रेन म्हणजे जेमतेम एक गुंज, आणि गुंजेचं माप काकूंना कुणी शिकवायला नको होतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी वेड नावाचं गिऱ्हाईक काटा घ्यायला आलं. त्याची तेरा वर्षांची मुलगी शनिवारी पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाणार होती, बापाने भरलेली काडतुसं घेऊन. दारू थोडी जास्त पडली तर बंदूक फुटू शकते, आणि बंदुकीला टेकलेला असणार होता त्या पोरीचा गाल.

मालक हॅनलीने लाल आकड्यांचे, बॅटरीवरचे नवे काटे मागवले होते. बारा. एकही खपला नव्हता. सकाळीच तो म्हणाला होता, "वेऽऽल, उट्रा, आज एक तरी वीक. नाहीतर सोमवारी मला विचार करावा लागेल." विचार करणं हा त्याचा स्वभावच नव्हता, त्यामुळे काकूंना अर्थ बरोबर कळला.

"आकडे खोटं बोलत नाहीत, मॅऽऽम," वेडने पाकीट काढलं.

"आकडे बोलतात, एवढंच," काकू म्हणाल्या. "थांबा जरा."

त्यांनी नव्या काट्यावर पन्नास ग्रेनचं पितळी वजन ठेवलं. पन्नास. उचललं, पुन्हा ठेवलं. पन्नास. सराफ एकदा तोलून मोकळा होत नाही. सहाव्या खेपेला ४९.६. आठव्या खेपेला ४८.९. काटा कमी दाखवतो, म्हणजे माणूस जास्त ओततो.

हॅनली खाकरला. "एसीचं वारं लागतंय त्याला."

"मग एसी बंद करा."

टेक्ससमध्ये नोव्हेंबरातही असं कुणी बोलत नाही. पण गिऱ्हाइकासमोर हॅनलीला उठावं लागलं. पाच मिनिटांत तिघांच्या कपाळावर घाम आला. काट्यावर ४८.२.

काकूंनी दांडीचा साधा काटा पुढे ओढला. "हा बघा. याला बॅटरी नाही आणि स्वतःचं मतही नाही."

पहिल्या सहा खेपा दांडी रेषेवर. सातव्या खेपेला वरच अडकली, केसभर. वेड पाकिटात डोकावत होता, हॅनली घड्याळाकडे. कुणी पाहिलं नव्हतं. करंगळीने टिचकी मारली असती तरी दांडी जागेवर आली असती. काकूंचा हात दांडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"हाही चुकला," त्या म्हणाल्या.

"तू नक्की कुणाच्या बाजूने खेळतेस, उट्रा?" हॅनलीने अगदी हळू विचारलं. तो ओरडायचा तेव्हा बरं असायचं.

काकूंनी दांडी उचलून, ती ज्या धारेवर डोलते ती धार उजेडात धरली. वेष्टणातल्या कापसाचा एक तंतू तिथे चिकटला होता. कोरड्या ब्रशने तो झटकला आणि पुन्हा एकपासून सुरुवात, मोठ्याने, मराठीत. "एक... दोन..." वेडला ओ की ठो कळत नव्हतं, पण पाचापासून तोही ओठ हलवायला लागला. दहा झाले. काकूंनी आणखी दहा मोजले. वीसही वेळा दांडी रेषेवर.

"हे वजनही न्या," काकू म्हणाल्या. "रोज आधी हे तोलून बघायचं. पंखा बंद ठेवायचा. घाई असेल त्या दिवशी भरायचंच नाही."

"येस, मॅऽऽम," म्हणत वेड दांडीचा काटा घेऊन गेला.

हॅनलीने एसी लावला. मग लाल आकड्यांचा दुसरा डबा फोडला आणि तेच वजन स्वतः दहा वेळा ठेवलं. तिसरा फोडला. काकू पर्स खांद्याला लावून उभ्या.

"बाराच्या बारा परत जाणार," तो शेवटी म्हणाला. "कंपनीला पत्र तू लिही. मी लिहिलं तर ते हसतील. तू लिहिलंस तर घाबरतील."

"सोमवारी?"

"आत्ता. सोमवारी उरलेले दांडीचे तपासायचेत."