दोघांचा ॲम्प्लिफायर

दत्ता गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुषमानं, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले... सकाळी चहा घेता घेता." मी तेव्हा माटुंग्याला माझ्या मुलीकडे होतो. तिथून लालबागला पोचेपर्यंत एकच गोष्ट मनात होती, की त्याला सांगायचं ते राहूनच गेलं. आज दीड महिना झाला, अजून ती जात नाही.

दत्ता आणि मी परळच्या एका गिरणीत वायरमन होतो. राहायला लालबागच्या एकाच चाळीत. गाण्याचं वेड दोघांनाही. लग्नं व्हायच्या आधी आम्ही चोरबाजारातून एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर उचलून आणला आणि दत्ताच्या खोलीत ठेवला. रविवारी दुपारी नाट्यपदांची तबकडी लागली की गॅलरीत उभं राहायला जागा नसायची.

मग संप आला. पहिलं वर्षभर आम्ही दोघं बरोबरच गेटवर जायचो. पुढे माझी पोर टायफॉइडनं अंथरुणाला खिळली, घरात रोज रडारड... एका सकाळी, कामावर जाणाऱ्यांना आत नेणारी पोलिसांची गाडी यायची, तिच्यात मी चढलो. दत्ताला काही न सांगता. गेटवर तो उभा होता. जाळीतून आमची नजरानजर झाली. बाकीचे शिव्या घालत होते. दत्तानं नुसती मान वळवली.

त्याच आठवड्यात त्यानं ॲम्प्लिफायर गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला, हे मला बायकोकडून कळलं. आम्ही चाळ सोडून डोंबिवलीला गेलो. गिरणी काही वर्षांनी बंदच पडली. आत गेलेला मीही बाहेरच आलो.

पंचवीसेक वर्षं भेट नाही. अन् एक दिवस त्याचा फोन. "सुऱ्या, तो ॲम्प्लिफायर खाली काढूया काय? माझे हात कापतात आता. तू ये सोल्डर घेऊन." जसं काही काल भेटलो होतो! गेलो. दारात म्हणाला, "इलस? बस."

पाच रविवार लागले. वरची धूळ पुसून मी सरळ प्लग लावायला गेलो, तर त्यानं मनगट धरलं. "एकदम करंट देऊ नको रे. इतकी वर्षं पडलाय, हळूहळू जागा करायचा." मग आम्ही मध्ये शंभराचा बल्ब जोडला. आत बिघाड असेल तर बल्ब भगभगतो आणि मशीन वाचतं. बल्ब भगभगला. कंडेन्सर पार सुकले होते, एकेक करून बदलत गेलो.

दर रविवारी येताना मी एकच वाक्य घोकायचो. 'गाडीत बसलो ते चूक की बरोबर, मला अजून कळत नाही दत्ता, पण तुला न सांगता बसलो, ते चुकलं.' आणि तिथं बसून बोलायचो फक्त कंडेन्सरबद्दल. एकदाच धीर करून सुरुवात केली, "दत्ता, त्या दिवशी..." तो म्हणाला, "उजवी बाजू अजून गप्प आहे. ती बघ आधी." मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करायला हवं. मी मान खाली घालून उजवी बाजू बघू लागलो.

पाचव्या रविवारी बल्ब क्षणभर पेटला आणि मंद होत गेला. सुषमानं तिचा मोबाइल जोडून दिला. आधी खरखर, मग दोन्ही बाजूंच्या स्पीकरांतून सनई. दत्तानं डोळे मिटले. तेव्हाच बोलायला हवं होतं... मी हत्यारं पिशवीत भरली आणि "येतो पुढच्या रविवारी" म्हणालो. त्यानंतरही तीनदा गेलो. गाणी ऐकली, चहा प्यालो, परत आलो.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर सुषमानं विचारलं, "काका, तुम्ही एवढी वर्षं का आला नाहीत? बाबांना विचारलं की म्हणायचे, डोंबिवली लांब पडते त्याला."

त्यानं स्वतःच्या पोरीलाही सांगितलं नव्हतं. मग मीच तिला सगळं सांगितलं. ती गाडी, ती जाळी, त्याची वळलेली मान. घोकलेलं वाक्यही सांगितलं. ती म्हणाली, "हे बाबांना सांगायला हवं होतंत."

"हो," मी म्हटलं.

ॲम्प्लिफायर घेऊन जा म्हणत होती. मी नाही आणला. रविवारी दुपारी अजून लालबागला जातो. सुषमा दार उघडते, मी बटण दाबतो, आणि दोन्ही बाजू नीट वाजू लागेपर्यंत आम्ही दोघंही काही बोलत नाही.