रिकामी बॅग घेऊन बुकाननला

माणूस गेला की त्याचे किस्से घरात साठत जातात. आमच्या विनोददादाचे घरात फारसे नव्हतेच. नऊ वर्षं तो लायबेरियात, बुकानन नावाच्या बंदरगावात जनरेटर दुरुस्त करत होता. तिकडेच मलेरियाने गेला, तिकडेच त्याला माती दिली. आई एकच विचारत राहिली, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

मी म्हणालो, "मी त्यालाच घरी आणतो." आमच्या मोरिवलीतून सगळ्यात मोठी बॅग घेतली, रिकामी, आणि निघालो. किस्से तिकडे भेटले.

*

विमानतळावर मला न्यायला दादाच्या सेठचा ड्रायव्हर आला होता. त्याने हात मिळवला आणि सोडताना माझं मधलं बोट धरून टचकन वाजवलं. मी हात हिसकावला आणि त्याची कॉलरच धरली.

तो हसायला लागला. "तिकडे नमस्कार, इकडे हे. तुझ्या भावानेपण पहिल्या दिवशी माझी कॉलरच धरली होती."

*

गाव गरीब. युद्ध संपून बरीच वर्षं झाली, पण समुद्राकाठच्या एका हॉटेलला अजून छप्पर नाही, आत झाड वाढलंय. दादाच्या वर्कशॉपच्या भिंतीला गोळ्यांची भोकं. दादाने त्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या आणि नट खोलायचे पाने लटकवले. "ड्रिल मारायचं काम वाचलं," म्हणायचा.

समोर मा कुंबा तळलेले मासे विकते. साठीची बाई. ती एकदा त्याला म्हणाली, "माझा नवरा युद्धात या भिंतीपाशी गेला."

दादाने मधल्या खुंटीवरचा पाना काढला. "ही त्याची. टोपी अडकवायला."

मी गेलो तेव्हा त्या खुंटीवर एक जुनी टोपी होती.

*

माझं इंग्रजी सहावीत सुटलं. मा कुंबाचंही तसंच मोडकं. त्यामुळे आमचं छान जमलं.

तिने सांगितलं, दादाने एकदा घरून आणलेली सुकट तिला खायला दिली होती. दोन घास खाऊन तिने विचारलं होतं, "तुझी आई रागीट आहे का रे? मीठ रागात टाकलंय."

मी हे आईला फोनवर सांगितलं. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "त्या बाईला सांग, मीठ नाही, मासाच खारा होता."

*

दर १४ एप्रिलला दादा अख्ख्या गल्लीला फुकट लाइट द्यायचा आणि सगळ्यांचे दरवाजे निळे रंगवायचा. ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही त्याला विचारलं, हा सण किती दिवस चालतो? तो म्हणाला, रंग संपेपर्यंत."

*

दादाचा सेठ आपल्या उल्हासनगर कॅम्प चारचा सिंधी. म्हणाला, "पुट, बेटा, बॉडी काढायचे कागद बनायला साल लगेगा."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला, खूप बोललो. त्याने पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार, सुट्टी. मार्चमधल्या एका बुधवारी तिथे सगळं गाव कबरी साफ करून रंगवायला जातं. बादल्या, ब्रश, फावडी घेऊन. मी वर्कशॉपमधलं फावडं घेतलं आणि बॅग घेतली. कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सगळ्यांच्याच हातात फावडं.

सगळ्या कबरी पांढऱ्या. एकच निळी.

शेजारच्या पांढऱ्या कबरीवर मा कुंबा बसली होती, पायाशी निळ्या रंगाचा डबा. मी बॅगेची चेन उघडली आणि फावडं मारलं.

तिने मला अडवलं नाही. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हळू," म्हणाली. "चार रात्री मी त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवत होते. डोळा लागतच नव्हता पोराचा. आत्ता कुठे झोपलाय."

फावडं माझ्या हातातच राहिलं. तिने ब्रश पुढे केला.

"पायाकडची बाजू राहिलीय."