लिलावातली जागा

वसईतल्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये माझ्याच वेळेला पाचूबंदरची एक कोळीण यायची. मासळी उचलून उचलून तिची कंबर धरली होती. डॉक्टरबाई कमरेवर निळी लवचिक टेप चिकटवत म्हणाल्या, "मावशी, आता टोपली उचलायची नाही."

"नाय उचलली तर बंदरावर मासळीच्या लिलावातली माझी जागा दुसरी घेनार. उचलायची कशी, ते शिकव."

बाईंनी सरावाला पाण्याची बादली पुढे केली.

"पानी इकते काय मी?"

पुढच्या खेपेला तिने मासळीची ओली टोपलीच आणली. सगळ्यांनी नाकं दाबली. मीही ओढणी लावली.

"दुखनं या टोपलीचं हाय," ती आमच्याकडे बघत म्हणाली. बाईंनी सांगितलं तसं गुडघ्यांत वाकून, टोपली पोटाशी धरून ती सावकाश उठली. टेप ताणली गेली.

"आता बसू दे कोनाला माझ्या जागेवर."

मी नाकावरची ओढणी काढली.