ह्यांचं नळीतलं जेवण

मैत्रिणींनो, शाळेत डबा उघडण्याआधी सिस्टर आपले हात तपासायच्या, आठवतं? आज दुपारी मी थोरल्या नणंदेचे तपासले.

आमच्या ह्यांचं आतडं काढल्यापासून अन्न छातीतल्या नळीवाटे थेट रक्तात जातं. आज घरी त्या अन्नाची बाटली पहिल्यांदाच मी एकटीने लावली. तेवढ्यात सावद्याहून आलेल्या अक्का शिकरणाची वाटी घेऊन पुढे सरसावल्या.

“तोंडात घास नही, तं मानूस जगीन कसा व?”

“अक्का, पंगत उठली. उशीर केलास!” हे हसले.

मी वाटी काढून घेतली. अक्कांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मगच भावाजवळ बसू दिलं. त्या रुसल्या. रुसू देत. नळीत जंतू शिरला तर माणूस हातचा जाईल, आणि मी तो जाऊ देणार नाही.

तुम्ही जळगावला याल तेव्हा फळं शेजाऱ्यांना द्या, साबण मला, आणि ह्यांना गप्पा, अगदी भरपूर.